१ ऑक्टोबरपर्यंत वही उघडा

जबलपूर शहरातील विद्यापीठांचे कुलगुरू, कुलसचिव, संशोधन संचालक आणि पीएच.डी.चे मार्गदर्शक प्राध्यापक यांना हा जाहीर इशारा आहे. तुमच्या प्रयोगशाळांत आणि प्रक्षेत्रांवर लोकांच्या पैशातून जे काही तयार झाले, त्याचा लेखाजोखा येत्या १ ऑक्टोबरपर्यंत लोकांसमोर मांडा. कोणते वाण, कोणती प्रक्रिया, कोणते यंत्र. त्याची नोंदणी झाली की नाही. झाली असेल तर कोणाच्या नावे. कोणत्या कंपनीला कोणत्या अटीवर दिले. किती पैसे आले आणि त्यातले किती प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या हाती पडले. मुदतीत ही वही उघडली नाही, तर ती कायद्याने कशी उघडायची हे आम्हाला ठाऊक आहे. ते पुढे सांगतोच.

तारीख उगाच निवडलेली नाही. जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय १ ऑक्टोबर १९६४ रोजी स्थापन झाले. स्थापना दिन म्हटला की मांडव, दीपप्रज्वलन आणि निवृत्तांच्या खांद्यावर शाली. यंदा शालींच्या आधी हिशेब येऊ द्या. आणि हे फक्त कृषी विश्वविद्यालयाला उद्देशून चालले आहे असे समजून राणी दुर्गावती विश्वविद्यालयाने, नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विश्वविद्यालयाने, डुमणा रस्त्यावरच्या ट्रिपल आयटीडीएमने किंवा १९४७ पासूनच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने सुटकेचा निःश्वास टाकू नये. पत्रावर पत्ता सगळ्यांचा आहे. मी कृषी विश्वविद्यालयाबद्दल जास्त बोलणार, कारण तिथला माल आपल्या शेतात आलेला आहे.

जबलपूरशी आपला काय संबंध, असे विचारणाऱ्या मराठी वाचकाला १९५६ पर्यंत त्या शहराची राजधानी नागपूर होती, एवढे सांगून भागणार नाही. त्याने जून महिन्यात वाशीम, हिंगोली, लातूर, यवतमाळ, कुठल्याही गावच्या कृषी सेवा केंद्रात जाऊन उभे राहावे. शेतकरी सोयाबीनच्या वाणाचे पूर्ण नाव घेत नाही. 'तीनशे पस्तीस आहे का?' एवढेच विचारतो. दुकानदार पोते ओढतो. प्रमाणित बियाण्याच्या त्या पोत्याला शिवलेला निळा टॅग हातात घेऊन वाचा. पीक, वाण, लॉट क्रमांक, उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख, वैधतेची तारीख. वाण कोणी घडवले याला रकाना नाही. जेएस ३३५ मधला 'जे' जवाहरचा आहे, म्हणजे जबलपूरचा, याची त्या दुकानात कोणाला गंधवार्ताही नसते.

१९६० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने जबलपुरात आणि पंतनगरात सोयाबीनचे प्रयोग सुरू झाले. तोवर मध्य प्रदेशात काळ्या दाण्याची 'कालीतूर' तेवढी थोडीफार पिकत असे. जेएस ३३५ पुढे जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयाच्या सीहोर येथील कृषी महाविद्यालयात जेएस ७८-७७ आणि जेएस ७१-०५ यांच्या संकरातून निघाले आणि १९९४ मध्ये केंद्र सरकारने ते अधिसूचित केले. त्यानंतर कितीतरी वर्षे विदर्भ-मराठवाड्याचा खरीप या एका वाणावर उभा होता म्हटले तरी चालेल. ज्वारी हटली, काही ठिकाणी कापूस हटला, तेलाचे कारखाने आले, ढेप परदेशी जाऊ लागली. ९३-०५, ९५-६०, २०-२९, २०-३४ ही नंतरची भावंडेही तिकडचीच.

या साऱ्या उलाढालीतून वाण घडवणाऱ्या संस्थेला काय मिळाले? पैदासकार बियाण्याच्या विक्रीचे पैसे मिळाले असतील. पण परवाना, स्वामित्वधन, करार? सामान्य माणसाला याचे उत्तर विद्यापीठाच्या अहवालात एका पानावर सापडले पाहिजे. त्या पैशातून पुढचे वाण निघते. तो नसेल तर पिवळ्या मोझॅक रोगाला तोंड देणारे वाण काढायला दर वेळी सरकारी अनुदानाकडे डोळे लावून बसावे लागते, आणि तोवर शेतकऱ्याचा हंगाम हातचा गेलेला असतो. २०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यात सोयाबीन उगवलेच नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा कंपन्या आणि महामंडळे कठड्यात आली. वाणाचा जन्मदाता त्या चित्रात कुठेच नव्हता, कारण पोत्यापर्यंत पोहोचणारी कसलीही दोरी त्याच्या हातात नव्हती. परवान्याचा करार असतो तेव्हा बियाण्याच्या दर्जाची अट घालता येते आणि ती मोडली तर परवाना काढून घेता येतो. हक्क सोडला की जाब विचारायची जागाही सुटते.

कायद्याचे घड्याळ इथे कसे फिरले ते पाहा. वनस्पतीच्या वाणाला आपल्याकडे पेटंट मिळतच नाही. पेटंट कायद्याचे कलम ३(जे) बियाणे आणि वाण यांना दारातच अडवते. (वाणाचे 'पेटंट करून द्या' म्हणत येणारे प्राध्यापक मला अजूनही भेटतात.) त्यासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्कांचा. त्याखालचे प्राधिकरण २००५ मध्ये उभे राहिले, अर्ज घ्यायला २००७ उजाडले. आधीच अधिसूचित झालेल्या वाणाला संरक्षण मिळते ते अधिसूचनेच्या तारखेपासून १५ वर्षे. १९९४ मध्ये १५ मिळवा, २००९ येते. म्हणजे ३३५ साठी धावपळ करायची तरी हातात फार तर दोन-तीन हंगाम होते. नेमक्या त्याच वेळी, २००८ मध्ये, विद्यापीठाची वाटणी झाली आणि सीहोरचे महाविद्यालय ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंदिया कृषी विश्वविद्यालयाकडे गेले. जमीन कोणाची, इमारत कोणाची, कर्मचारी कोणाकडे, हे अशा वाटणीत ठरतेच. वाण कोणाचे, हे कोणत्या कागदावर ठरले तो कागद आम्हाला पाहायचा आहे. ३३५ वरचा हक्क आता कोणालाच बजावता येणार नाही. जे गेले ते गेले. अलीकडे अधिसूचित झालेल्या वाणांची मुदत मात्र अजून चालू आहे. आणि ज्यांचे बियाणे विकायला नुकतीच सुरुवात झाली, त्यांना नवे वाण म्हणून अर्ज करायला पहिल्या विक्रीपासून एकच वर्ष मिळते. ते वर्ष बहुधा फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यातच संपते.

आता दुसरी बाजू. ती विद्यापीठांना जास्त झोंबणार आहे.

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे छोटे गाव आहे. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ मध्ये त्यांच्या बांधीत 'पटेल ३' हे धान उभे होते. ते जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयातील डॉ. जे. पी. पटेल यांनी काढलेले. त्या पिकात दादाजींना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, दाणा पिवळसर. त्यांनी त्या खुडल्या, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या आणि पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या. जंगल जवळ, रानडुकरांचा त्रास, म्हणून भोवती काट्या रचल्या. वर्षामागून वर्षे निवड करत बारीक दाण्याचे, चवीला चांगले, उताऱ्याला भारी धान हाती आले. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने ते नेऊन लावले, बाजारात विकायला काढले, आणि नाव नसलेल्या त्या धानाला व्यापाऱ्याने तेव्हा ज्याच्या त्याच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचे नाव देऊन टाकले. एचएमटी.

पुढचे विदर्भात सगळ्यांना माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो. १९९४ मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने प्रयोगासाठी म्हणून आपल्याकडून ५ किलो बियाणे नेले, असे दादाजी सांगत राहिले. १९९८ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' प्रसारित केले. विद्यापीठाचे म्हणणे, आम्ही शुद्धीकरण करून वाण सुधारले. दादाजींचे म्हणणे, माझे नाव कुठे आहे? २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. राज्य सरकारने सुवर्णपदक दिले, त्याचे सोने खोटे निघाले आणि सरकारची शोभा झाली. २०१० मध्ये फोर्ब्सने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत नाव घेतले. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीच्या शोधग्राममध्ये दादाजी गेले. शेवटच्या आजारात औषधपाण्याच्या खर्चाचीही ओढाताण होती.

या गोष्टीच्या पहिल्याच ओळीत जबलपूर आहे, आणि ती सांगताना आपण जबलपूर गाळतो. पटेल ३ नसते तर त्या तीन लोंब्या नसत्या. जबलपूरच्या शास्त्रज्ञाला काही मिळाले नाही, नांदेडच्या शेतकऱ्याला टाळ्या आणि खोटे पदक मिळाले, अकोल्याच्या विद्यापीठाला वाणाचे श्रेय मिळाले, आणि पैसा गिरणीवाल्यांकडे व पिशवीवर छाप मारणाऱ्यांकडे गेला. तेव्हा कायदा नव्हता, असे म्हणून १९९८ साली हात वर करता आले. आज तसे करता येणार नाही. वाणाच्या अर्जात मूळ वाण कुठून आले हे कलम १८ प्रमाणे सांगावे लागते. आदिवासी किंवा ग्रामीण कुटुंबांनी जपलेले बियाणे वापरले असेल तर कलम ४० प्रमाणे ते उघड करावे लागते, दडवले तर अर्ज फेटाळता येतो. शेतकऱ्याला स्वतःचे वाण नोंदवता येते, त्याचे शुल्कही माफ आहे.

म्हणून जबलपूरच्या शास्त्रज्ञांना बजावून सांगतो. उद्या हक्काच्या नोंदी काढायला बसाल तेव्हा मंडला आणि दिंडोरीची आठवण ठेवा. तिथल्या बैगा आणि गोंड घरांतून कोदो-कुटकीचे दाणे तुमच्या केंद्रांवर आले आहेत. दिंडोरी जिल्ह्यातल्या सिलपिडी गावच्या लहरीबाई या बैगा स्त्रीने भरड धान्यांची दीडशेहून अधिक वाणे मातीच्या कोठ्यांत जपून ठेवली. त्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचा गौरव झाला. गौरव झाला म्हणजे व्यवहार मिटला असे नाही. तुमच्या एखाद्या 'सुधारित' वाणाचा मूळ दाणा अशा कोठीतला असेल तर अर्जावर त्या गावाचे नाव हवे आणि पैशात वाटा हवा. हे जमते. तिरुवनंतपुरमजवळच्या वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने कानी आदिवासींकडून आरोग्यपच्च या वनस्पतीची माहिती घेतली, तीवरून 'जीवनी' हे औषध काढले आणि परवान्याच्या पैशातला निम्मा वाटा कानींना द्यायचे ठरवले. त्यासाठी १९९७ मध्ये न्यास नोंदवला गेला. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेही शेतकऱ्यांच्या नावाने मिळाले म्हणूनच त्याला अर्थ आहे.

आता प्रयोगशाळांकडे वळू. मी पेटंटच्या कागदांत आयुष्य घालवलेला माणूस आहे. पांढुर्ण्याकडची एक मुलगी आली होती, नुकतीच पीएच.डी. झालेली, संस्थेचे नाव सांगत नाही. साठवणीतल्या धान्याला लागणाऱ्या किडीवर तिने एक लेप काढला होता. काम चोख. प्रयोगवह्या तारीखवार, प्रत्येक पानाखाली सही. मी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला.

"हे कुठे छापून आलंय का?"

"हो सर, तीन ठिकाणी," ती अभिमानाने म्हणाली. "आणि थिसिस शोधगंगेवर पण आहे."

"गाइडनी आधी पेटंटचं काही सांगितलं नाही?"

"ते म्हणाले, आधी पेपर काढ. त्यांना प्रमोशनला लागत होते."

प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर चढला त्या दिवसापासून तो जगातल्या कोणालाही उघडून वाचता येतो. नावीन्य तिथेच संपले. पेटंट कायद्याच्या कलम ३१ ची १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला, विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला, अशा मोजक्या प्रसंगांना. जर्नलात छापून आलेल्या पेपरला ती पांघरूण घालत नाही. मी तिला हे सांगितले.

"म्हणजे आता हे कोणीही बनवू शकतं?"

"हो."

"कंपनीसुद्धा?"

"कंपनीच बनवेल," मी म्हणालो.

हे टाळायला काय लागले असते? शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत आहे. ऑनलाइन अर्जाचे मूळ सरकारी शुल्क १,६०० रुपये. एका परिसंवादाच्या चहा-समोशाला याहून जास्त लागतात. प्रोव्हिजनल अर्ज टाकला की पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात, पेपर त्यानंतर खुशाल छापा. मध्य प्रदेशचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे येतात. बौद्धिक संपदेचे प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था नागपुरात आहे, जबलपूरहून एका रात्रीच्या प्रवासावर. अडचण पैशाची नाही, अंतराची नाही. मार्गदर्शकाला पेपर मोजायची सवय लागली आहे आणि विद्यार्थ्याला विचारायची भीती वाटते, इतके साधे हे दुखणे आहे.

यावर उपाय म्हणून काही महाभागांनी उलटे टोक गाठले आहे. मूल्यांकनात पेटंटला गुण मिळतात म्हटल्यावर पेटंटांचे पीक आले. एका अर्जावर आठ-दहा प्राध्यापकांची नावे, विषय कोणाच्याच कामाचा नाही, नावाची जागा पैसे देऊन घेतलेली. मग महाविद्यालयाच्या फाटकावर फलक लागतो, 'आमच्या प्राध्यापकांचे पेटंट प्रकाशित'. अर्ज केल्यावर १८ महिन्यांनी तो आपोआप प्रकाशित होतो, घाई असेल तर शुल्क भरून त्याआधीही होतो. प्रकाशित होणे म्हणजे मंजूर होणे नव्हे. तपासणी मागितलीच नाही तर तो अर्ज मागे घेतला असे धरले जाते, आणि फलक मात्र वारा-पाऊस खात तसाच राहतो. मंजूर झालेल्यांचीही तीच गत. नूतनीकरणाचे शुल्क तिसऱ्या वर्षापासून दर वर्षी भरावे लागते. प्राध्यापक निवृत्त होतो, त्याच्या कपाटाची किल्ली हरवते, शुल्क थकते, पेटंट मरते. या मंडळींना वेगळा इशारा: कायद्यात पेटंट मागण्याचा हक्क खऱ्या आणि पहिल्या शोधकर्त्याचा आहे. खोट्या नावांच्या याद्या आम्ही जपून ठेवतो आहोत.

ज्ञान सर्वांचे आहे, विद्यापीठाने दुकान मांडू नये, असे म्हणणारे प्रामाणिक लोक आहेत. त्यांचे ऐकून घेतले पाहिजे. सोयाबीन आपल्याकडे वाढले तेच परदेशातून मोकळ्या हाताने आलेल्या बियाण्यावर. पण टोरांटो विद्यापीठाचे उदाहरण त्यांनी लक्षात घ्यावे. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी इन्सुलिनचे पेटंटहक्क १९२३ मध्ये प्रत्येकी १ डॉलर घेऊन विद्यापीठाला दिले. आधी पेटंट घेतले आणि मग नाममात्र किमतीला दिले, कारण कागद विद्यापीठाच्या हाती राहिला तरच दुसऱ्या कोणाला मक्तेदारी करता येणार नव्हती. आपल्याकडे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या काळात सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेला हळदीच्या अमेरिकन पेटंटविरुद्ध लढावे लागले. ते १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते आणि १९९७ मध्ये रद्द झाले. जुनी लिखित नोंद दाखवता आली म्हणून सीएसआयआर जिंकली. विद्यापीठाने आपले काम नोंदवून, हक्क स्वतःकडे ठेवून, शेतकऱ्याला ते फुकट दिले तर आम्ही त्या विद्यापीठाचा जाहीर सत्कार करू. निष्काळजीपणाला औदार्य म्हणणे मात्र आता बंद करा.

आणि हक्क हातात आल्यावर तो शेतकऱ्यावर उगारायचा नाही, हेही बजावून ठेवतो. २०१९ मध्ये पेप्सिकोने गुजरातच्या बटाटा शेतकऱ्यांवर दावे ठोकले, काहींकडे कोटीची भरपाई मागितली आणि देशभर ओरड झाल्यावर ते मागे घेतले. पीक वाण संरक्षण कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे शेतकरी आपल्या शेतातले बियाणे ठेवू शकतो, पेरू शकतो, बदलू शकतो, वाटू शकतो, विकू शकतो. ब्रँड लावून तेवढे विकू शकत नाही. सोयाबीन स्वपरागी पीक आहे, घरचे बियाणे ही त्याची जुनी वाट आहे. जबलपूरच्या कोणत्याही विद्यापीठाने किंवा त्याच्या परवानाधारकाने घरचे बियाणे पेरणाऱ्याला नोटीस पाठवली, तर विदर्भातली प्रत्येक शेतकरी संघटना विद्यापीठाच्या दारात उभी राहील.

बियाणे कंपन्यांनाही दोन शब्द. विद्यापीठाचे संरक्षित वाण नवे नाव देऊन, रंगीत पिशवीत घालून 'संशोधित' म्हणून विकत असाल तर थांबा. पिशव्या बाजारातून विकत घेऊन डीएनए चाचणीला पाठवणे आता काही अवघड राहिलेले नाही.

आता मागण्या. त्या वाटाघाटीसाठी नाहीत. गेल्या १५ वर्षांत प्रसारित झालेल्या प्रत्येक वाणाची, यंत्राची आणि प्रक्रियेची नोंदवही, सुरुवातीला सांगितलेल्या तपशिलासह, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हिंदीत लावा. प्रबंध शोधगंगेवर चढवण्याआधी आणि पोस्टर भिंतीवर लावण्याआधी शोधाची नोंद घेणारा एक माणूस प्रत्येक विद्यापीठात नेमा, ज्याचे दुसरे काही काम नसेल. पैशातला शोधकर्त्याचा वाटा लेखी ठरवा. त्यात विद्यार्थ्याचे नाव मार्गदर्शकाच्या नावाखाली दडपले जाता कामा नये. बियाण्याचा परवाना कोणत्याही एका कंपनीला एकहाती देऊ नका. आणि मूळ दाणा ज्यांच्या घरचा, त्यांची नावे लिहा.

हे झाले नाही तर काय? माहितीच्या अधिकाराचा अर्ज देशातल्या कोणत्याही नागरिकाला करता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. वणीचा शेतकरीही जबलपूरला अर्ज करू शकतो आणि करणार आहे. कलम ८(१)(डी) पुढे करून 'बौद्धिक संपदा गोपनीय आहे' असे उत्तर देण्याची तयारी कोणी करत असेल तर त्याने ते कलम पुरते वाचावे. करारातले व्यापारी रहस्य झाकता येईल. वाण नोंदवले की नाही आणि सरकारी संस्थेला किती पैसे आले, हे लोकहितापुढे झाकता येत नाही. नाकारलेत तर पहिले अपील, मग राज्याच्या संस्थांसाठी भोपाळला राज्य माहिती आयोग. वाणाच्या अर्जाची जाहिरात निघाली की ३ महिन्यांत हरकत घेता येते, पेटंट मंजूर होण्याआधी कोणालाही विरोध नोंदवता येतो. मूळ मालकाचे नाव दडवलेला एकही अर्ज आम्ही बिनबोभाट जाऊ देणार नाही. आणि जी उत्तरे येतील, जी येणार नाहीत, ती सगळी पदनामांसकट याच पानांवर छापू.

वाचकांना एकच सांगणे. तुमच्या घरी कोणी जबलपूर, सीहोर, सिंदेवाही, अकोला अशा ठिकाणी संशोधन केंद्रावर काम करून निवृत्त झाले असेल, तर त्यांच्या जुन्या प्रयोगवह्या रद्दीत घालू नका. कुठला दाणा कोणाकडून कधी आला, याची खरी नोंद बहुतेक वेळा तिथेच असते.

१ ऑक्टोबरला कार्यालये बंद होईपर्यंत वाट पाहू. २ ऑक्टोबरला गांधी जयंतीची सुट्टी आहे. त्यानंतरच्या कामाच्या पहिल्या दिवशी अर्ज टपालात पडतील.